बोरीच्या जीपवरचा कवी

शाळेत शिकवायला मी रोज दारव्ह्याहून बोरी अरबला ज्याच्या जीपने जाते, तो ड्रायव्हर मोबाईलवर कविता टाकतो. स्टिअरिंगवर हात ठेवून म्हटलेल्या त्याच्या चार ओळींना हजारो लोक बदाम पाठवतात. साधं बोलतानाही तो अर्ध्या वाक्यावर थांबतो आणि कोणी दाद देतं का ते आरशातून बघतो. त्याच्या कवितांचा मला पहिल्यापासून संशय होता. एकीत तरणी पोर बोलायची, दुसरीत म्हातारा. तो स्वतः कुठेच सापडायचा नाही.

गेल्या महिन्यात तांड्यावरची एक म्हातारी माझ्या शेजारी बसली. तिचा नवरा नुकताच वारला होता. ती मला म्हणाली, "भाकरी अजून दोघाच्याच होतात, बाई. तो गेला म्हणून हाताले कोणी सांगतलंच नाही."

ड्रायव्हरने चालू असलेलं गाणं बंद केलं.

दोन दिवसांनी तीच ओळ त्याच्या आवाजात, त्याच्या नावाने फिरत होती. मी विचारलं, "ही त्या आजींची ना?"

"तिनं सांगतलं, म्या लिवलं," तो शांतपणे म्हणाला. "तिले कुठी लिहिता येते, मॅडम?"

पुढच्या बाजाराला ती परत आली, तेव्हा जीप भरेपर्यंत त्यानेच तिला ती कविता ऐकवली. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुही बी बायको गेली का रे, बापू?"

त्याची बायको थोड्या वेळापूर्वीच स्टँडवर त्याचा डबा देऊन गेली होती. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने नजर चुकवली नाही.

"हो, माय," तो म्हणाला.