भेगा मिटवणारी जाहिरात

जळगावातल्या एका छोट्या कंपनीत मी मोबाइलवरच्या जाहिराती तयार करते. नुसत्या बघायच्या नाहीत, बोटाने खेळायच्या. फोन छोटा असो की मोठा, उभा धरा की आडवा, जाहिरात त्या पडद्यात नीट बसली पाहिजे, हे माझं काम.

यंदा हातांच्या भेगांवरच्या एका मलमाची जाहिरात आली. कल्पना माझीच. पडद्यावर भेगाळलेला हात दाखवायचा, बघणाऱ्याने त्यावर बोट फिरवायचं आणि बोट फिरेल तिथल्या भेगा मिटत जायच्या. हात शोधायला मला लांब जावं लागलं नाही. दिवाळीत साक्रीजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा आईच्या तळहाताचा फोटो काढून आणला. शेतात कांदे कापून, मिरच्या तोडून तिच्या हातांना बारमाही भेगा असतात.

ऑफिसात आम्ही प्रत्येकाच्या फोनवर जाहिरात तपासली. सगळीकडे झक्कास चालली. साहेब खूश, मी तर हवेतच.

पण मला शाबासकी हवी होती ती आईची. मी दिवसभर फोनशी खेळते आणि त्याचा पगार घेते, अशी तिची पक्की समजूत. म्हणून रविवारी गावी गेले आणि तिच्याच फोनवर जाहिरात उघडून दिली.

"हाऊ ते मनाच हात शे!" ती हरखली.

मग तिने बोट फिरवलं. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवलं, दाबून. एकही भेग मिटेना. मी फोन पुसला, जाहिरात बंद करून परत उघडली. माझ्या बोटाने चालायची, तिच्या नाही. कातडी इतकी टणक आणि कोरडी झालेली की पडद्याला तिचा स्पर्शच कळत नव्हता. आणि मग आठवलं, आलेला फोनसुद्धा ती बोट मुडपून पेराने घेते. किती वर्षं मी ते बघत होते! भेगा असलेल्यांसाठीची जाहिरात, आणि तपासली कुणी, तर आम्ही मऊ बोटांच्या माणसांनी. मला माझाच भयंकर राग आला. बोट फिरवायची अट काढून टाकायची, नुसतं पेर टेकवलं तरी चाललं पाहिजे, हे मी तिथेच ठरवलं.

"मनंच बोट खराब व्हयनं व्हई," आई म्हणाली, जणू चूक तिचीच. तिने माझं बोट धरलं आणि फोटोतल्या स्वतःच्या हातावरून फिरवलं. भेगा भराभर मिटल्या. ती पडद्याकडे बघत राहिली.

"हाई मलम लावं ते खरंच भेगा जातस का व?"

मलमाच्या नमुन्याच्या ट्यूब महिनाभर माझ्या टेबलाच्या खणात पडून होत्या. तिचा हात मी जळगावला घेऊन गेले होते, आणि येताना एक ट्यूब पिशवीत टाकायचं मला सुचलंही नव्हतं.