दहापैकी चार

आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत देवराम मास्तर शिकवण्या घ्यायचे. पोरांना दहापैकी चारच्या वर मार्क दिले तर ते आपल्या खिशातून जातात, असा त्यांचा समज असावा. त्यांच्या सात वर्षांच्या विशाखाला इसब झाला होता. खाजवून खाजवून कोपरांतून रक्त यायचं. शेवटी अठ्ठ्याऐंशी साली बायकोच्या कटकटीला कंटाळून मास्तर तिला ठाण्याला स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. ओळख माझी, म्हणून मीही बरोबर गेलेले.

बाईंनी पोरीला विचारलं, "दहापैकी किती खाज येते गं?"

पोरीनं तोंड उघडायच्या आत मास्तरांनी निकाल लावला, "चार!"

खाज पोरीला, पण मार्क द्यायचे ते यांनीच! मी कपाळावर हात मारला. बाईंनी मात्र पोरीचे कोपर नीट बघून मलम दिलं.

महिन्याभरानं पुन्हा गेलो. बाईंनी मास्तरांना बोटानंच गप्प केलं आणि पोरीला विचारलं. कोपर सुकले होते. विशाखा हसत म्हणाली, "दोन."

मास्तर सवयीनं कडाडले, "दोनच? मागच्या वेळी चार होते ना?"

विशाखाचं हसू गेलं. तिनं घाबरून तिथल्या तिथे कोपर खाजवायला घेतलं.