कॉलरवरचा माइक
वलगावच्या लग्नात मी माझ्या कॅमेऱ्याची इतकी तारीफ केली, की नवरदेवाकडे कोणी पाहीना. "याचा ऑटोफोकस अमरावतीतली माशीबी इथून पकडते!" पाठवणीला कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला. चेहरे तो आपोआप धरतच होता, म्हणून मी निवांत जेवायला बसलो.

पुढे अकोल्याला, जुन्या शहरात नवरीच्या सासरी व्हिडिओ लावला. तिचे बाबा तिच्याशी वाकून काहीतरी बोलत होते. डोळ्यांतलं पाणीसुद्धा लख्ख दिसत होतं. आवाज मात्र माझा होता: "अजून दोन रोडगे टाक गा, वांग्याची भाजीबी येऊ दे!"

वायरलेस माइक तपासायला मी माझ्याच कॉलरला लावला होता. बाबांना लावायचा राहूनच गेला.

सासरचे पोट धरून हसले. मीही हसलो. नवरी हसली नाही.

"दादा, बँडच्या आवाजात बाबा काय बोलले ते मले आयकूच आलं नाई. असं होईन मनूनच तं बाबाले माइक लावाले तुमाले आधी सांगतलं होतं."

"मग त्याईलेच इचार ना."

"इचारलं. 'काई नाई वं, असंच,' मनते."

तिने व्हिडिओ पुन्हा मागे घेतला आणि बाबांच्या ओठांकडे पाहत बसली. प्रत्येक वेळी मी रोडगे मागत होतो. माझी मान काही वर होईना.