दाराआडचा ‘बा’

त्या गेममधल्या शहरात बोलण्यावर रेशन आहे. माणशी दिवसाला ठरावीक शब्द मिळतात. प्रत्येक घराच्या भिंतीवर मीटर असतं. शब्द संपले की तांबडा दिवा लागतो आणि सकाळपर्यंत गप्प राहावं लागतं. खेळणारा म्हणजे हे मीटर तपासत फिरणारा सरकारी माणूस. त्याला स्वतःचं पूर्वायुष्य आठवत नाही, कारण सरकारनं ते काढून घेतलेलं आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी तो एका बंद दारापाशी येतो. त्याच्या स्वतःच्या मनगटावरच्या मीटरवर एकच शब्द उरलेला असतो. आतून एका मुलीचा आवाज येतो, “बा.” पडदा काळा होतो.

या एका अक्षरावर जगभरचे चाहते कित्येक महिने भांडत होते. कुणी म्हणे, तो मीटर बिघडल्याचा आवाज. कुणी म्हणे, ते नावाचं पहिलं अक्षर, बाकीचं सरकारनं कापलं. इंग्रजी बोलणाऱ्यांत सगळ्यात जोर होता तो मेंढराच्या तर्काला: नागरिकांची मेंढरं झाली आहेत, म्हणून मुलगी मेंढरासारखी ओरडते; इंग्रजीत मेंढरू ‘बा’ करतं. त्यावर लांबलचक निबंध लिहिले गेले.

मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकात बातम्यांच्या टेबलावर काम करते आणि गेम खेळत नाही. हे सगळं मला कळलं ते भाचीमुळे. ती शहराबाहेर मच्छेला आई-वडिलांजवळ राहते आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनं तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

“मावशी, ती बापाला हाक मारालीय.”

म्हणजे मीटरवाला हाच तिचा बाप, आणि ते त्यालाच ठाऊक नाही. या तर्कावर भाचीनं चित्रकथा काढायला घेतली. दर आठवड्याला एक पान ती चाहत्यांच्या संकेतस्थळावर टाकायची. शब्दांवर रेशन, म्हणून पानावर एखादाच शब्द. बाकी सगळं चित्रात. शहर काढताना तिनं निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या: लांबच लांब भिंती आणि वर छताजवळ लहान झरोके. परदेशातल्या वाचकांना ही वास्तुकला अफाट कल्पनाशक्तीची वाटली. ते झरोके म्हणजे सरकारचे कान आहेत, असा एकानं तर्क मांडला आणि तो इतरांना पटलाही. भाचीनं दुरुस्ती केली नाही. मी केली असती.

वाचक वाढत गेले. पान टाकलं की तासाभरात प्रतिक्रियांची रांग लागायची. मग गेमच्या शेवटच्या भागाची घोषणा झाली. त्या वेळी भाचीचं एकच पान उरलं होतं, शेवटचं. ते गेमच्या आधी जायला हवं होतं, कारण नंतर तर्काला काही अर्थ उरणार नव्हता. आणि मुलगी त्याची कुणीच नाही असं निघालं, तर पहिल्या पानापासूनची सगळी कथा त्याच वाचकांसमोर हसण्यावारी जाणार होती.

घोषणेनंतरच्या रविवारी दुपारी तिची वर्गमैत्रीण अनगोळहून मच्छेला आली; मीही तिथंच होते. तिच्या घरी कन्नड बोलतात. चित्रकथेच्या व्हिडिओसाठी आवाजाचं काम ती करणार होती. तिनं गेम खेळलेला नव्हता. हेडफोन लावून तिनं ते अक्षर दोनदा ऐकलं आणि विचारलं की यात न कळण्यासारखं काय आहे, ती ‘ये’ म्हणते आहे. कन्नडमध्ये बा म्हणजे ये.

भाचीचा चेहरा उतरला. तिलाही कन्नड चांगलं येतं. पण इतक्या महिन्यांत हा अर्थ तिच्या मनात एकदाही आला नव्हता.

“एवढा पहारा, एवढी मीटरं, आणि आतनं पोरगी नुसतं ‘ये’ म्हणंल व्हय?” ती म्हणाली.

“तुमच्या घरात सगळ्यांना बापच ऐकू येतोय,” मैत्रीण म्हणाली. “आमच्याकडं हाक मारली की माणूस पाय उचलतोय.”

वाद वाढला. मला पंच केलं गेलं. मी टेबलावरचा नियम सांगितला: दोन स्वतंत्र सूत्रांनी तेच सांगितलं तरच छापायचं. इथं दोन सूत्रं होती आणि दोघी वेगळं सांगत होत्या. भाची म्हणाली की मावशीचा काही उपयोग नाही. मैत्रिणीनं हेडफोनची वायर काढली आणि आवाज स्पीकरवर मोठा करून लावला.

“बा.”

आतल्या खोलीत भावजी झोपले होते. मच्छेच्या कारखान्यात ते लेथवर काम करतात आणि रविवारी दुपारी त्यांना कुणी उठवत नाही. पलंग करकरला.

“आलो, आलो,” म्हणत ते दारात येऊन उभे राहिले आणि आमच्याकडे बघू लागले.

तिघींना हसू आवरेना. हसता हसताच भाचीनं त्यांना विचारलं, “आप्पा, काय ऐकलासा? बाप म्हणून आलासा का ये म्हणून?”

“मला काय ठावं? हाक आली, उठलो.”

ते पाणी पिऊन पुन्हा आत गेले. मैत्रीण मात्र हसायची थांबली होती. तिनं गेम पुन्हा दारापाशी आणायला सांगितला आणि विचारलं की दाराबाहेर उभा आहे तो सरकारी माणूस, हे आतल्या मुलीला माहीत आहे का. माहीत होतं: दाराला झडप होती आणि तिच्यातून त्याची सरकारी टोपी दिसत होती.

“मग ती बा कशी म्हणंल? सायबाला बर्री म्हणतात. बर्री म्हणजे या. दोन्हीला एकच शब्द खर्च होतोय. बा म्हणतात ते घरच्या माणसाला.”

मग भाचीनं मैत्रिणीचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. मराठीनं जा किंवा कन्नडनं जा, दाराबाहेरचा माणूस त्या घरचाच ठरत होता. माझ्या टेबलावर ही बातमी पास झाली असती.

शेवटचं पान त्याच दिवशी झालं आणि भाचीनं ते आधी वडिलांना दाखवलं. त्यात दार आहे, टोपी काढलेला माणूस आहे आणि त्याचा उरलेला एक शब्द आहे: “आलो.” मुलगी कोण, हे पानावर कुठंही लिहिलेलं नाही. खाली दोघींनी मिळून इंग्रजीत टीप दिली: एका अक्षराचे दोन भाषांतले दोन अर्थ, आणि दोन्हीला चालणारं उत्तर. मेंढरवाल्यांनी रात्रभर वाद घातला. सकाळपर्यंत त्यांतले बरेच जण फुटून इकडे आले होते.

शेवटचा भाग आला तेव्हा आम्ही अनगोळला मैत्रिणीच्या घरी होतो. खेळ दारापाशी पोचला. उरलेला शब्द खर्च करायचा की ठेवायचा, एवढंच गेमनं विचारलं. भाचीनं खर्च केला. तो काय बोलला हे ऐकू आलं नाही. फक्त ओठ हलले. मीटर शून्यावर आलं आणि दार आतून उघडलं. मुलगी बाजूला झाली आणि तिनं त्याला आत घेतलं. गेम तिथं संपला. ती कोण, हे गेमनंही सांगितलं नाही.

मैत्रिणीनं संकेतस्थळ उघडलं. खाली रांग लागली होती. मराठीचा गंधही नसलेली माणसं रोमन अक्षरांत एकच शब्द लिहीत होती: आलो. आलो. आलो. मैत्रीण ते मोठ्यानं वाचत होती. भाची खोलीभर येरझारा घालत होती.

मग तिनं वडिलांना फोन लावून स्पीकरवर टाकला. ते पाळीवर होते. मागं यंत्रांचा आवाज होता. तुमचा शब्द जगभर चाललाय, असं तिनं ओरडून सांगितलं.

“दार उघडलं का?” त्यांनी विचारलं.

“उघडलं, आप्पा.”

“मग झालं की.”

मागून कुणीतरी कन्नडमध्ये हाक मारली, “बा रो.”

“आलो,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.