लोहगडाच्या वाटेवर माझी म्हातारी मरता मरेना

पाच वर्षं खपून लिहिलेली कादंबरी विमलबाईंना दाखवायची; त्या ‘छान’ म्हणाल्या तरच पुढे लिहायचं, नाहीतर लिखाणाला रामराम. असं ठरवून मी पुण्याहून लोणावळा लोकल पकडली. विमलबाई म्हणजे खंडाळ्याच्या ज्येष्ठ कथाकार. त्यांनी मळवलीला उतरायला सांगितलं होतं, तिथून लोहगडाकडे चढायचं होतं. मला वाटलं, खास मला एकटीलाच बोलावलंय. स्टेशनावर बाईंसोबत आणखी दोघं हजर: कुरवंड्याची अंगणवाडीताई सुनंदा आणि निवृत्त रेल्वे गार्ड जाधवकाका. दोघांच्याही पिशवीत कथा! माझं तोंड तिथेच उतरलं.

भाजे गाव ओलांडून लोहगडवाडीपर्यंतच्या चढाने चांगलीच दमछाक होते. पिठलं-भाकरी हवी असेल तर तिथल्या टपरीवर पोचल्यापोचल्या सांगून ठेवा, आणि रोख पैसे न्या. वर नेटवर्क रुसलेलं असतं.

टपरीवर बाईंनी नियम सांगितला. "आपलं आपण वाचायचं नाही. दुसरा वाचेल. आणि भाकरी येईपर्यंत लेखकाने गप्प बसायचं."

माझी कादंबरी सुनंदाच्या वाट्याला आली. तिने उघडला तो नेमका म्हातारीच्या मृत्यूचा प्रसंग, जो लिहिताना मी स्वतः हुंदके देऊन रडले होते. तीन पानं वाचून सुनंदा थांबली.

"आवो, म्हातारी मरायला लय येळ लावती. च्या गार झाला माजा."

"शिट्टी झाली की गाडी सुटायला हवी," जाधवकाका म्हणाले. "ही अजून फलाटावरच!"

"मारताय कशाला तिला?" टपरीवाल्या मावशी चुलीपासून ओरडल्या. "आपल्या सुनंला चार गोष्टी सांगू द्या की आदी!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर बाईंनी त्यात काकडीची फोड कोंबली. भाकऱ्या आल्या तरी तिघांचं भांडण संपेना.

उतरताना मी बाईंना एकटं गाठलं. "तुम्हाला कशी वाटली?"

"नाही सांगणार. छान म्हटलं तर तू त्यात काही बदलणार नाहीस, वाईट म्हटलं तर लिहिणारच नाहीस. आणि मी किती वर्षं पुरणार तुला? या दोघांना धर."

असा संताप आला! एवढा डोंगर चढवून कादंबरीबद्दल एक शब्द सांगितला नाही. स्टेशनावर फणकाऱ्याने सुनंदाकडे कादंबरी मागितली, तर तिने पिशवी पाठीमागे लपवली.

"न्हाई देनार. म्होरं काय हुतंय ते वाचायचंय मला."

पाच वर्षांत हे मला कुणीही म्हटलं नव्हतं. लोकलमध्ये खिडकीकडे तोंड करून मी चक्क रडले.

घरी येऊन दोन दिवस पाय शेकले आणि तिसऱ्या दिवशी लिहायला बसले. कादंबरी अजून सुनंदाकडेच आहे. "रविवारी कुरवंड्याला या," तिचा फोन आला, "पन आदी माजी कथा ऐकायची. काका वाचनारेत, मी गप बसनार." मी विमलबाईंना विचारलं, येताय ना?

"मी कशाला? तुमचं तुम्ही भांडा," त्या म्हणाल्या. मग हळूच, "पण कोण काय म्हणालं ते मला सगळं सांग हं."