यापचे तीन फेरे

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते. "याप तुमचे कोण?" नर्सने विचारलं. त्याच्या फॉर्मवर माझं नाव होतं आणि नात्याच्या रकान्यात 'शेजारीण'. याप पहाटे गेला होता... महिना उलटला, तरी अजून खरं वाटत नाही.

सिंगापुरात, पुंगोलला, आमच्या डाव्या हाताचा फ्लॅट त्याचा. मूळचा नेदरलँड्सचा, पण सगळी नोकरी इथे, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत झाली. बायको इथलीच चिनी, ती आधीच गेलेली. मूलबाळ नाही. माणूस तसा तुसडा, पण गावाचा विषय निघाला की थांबता थांबायचा नाही. उत्तरेच्या सपाट किनाऱ्यावरचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. दोन वर्षांपूर्वी आम्ही युरोपला गेलो, तेव्हा तो बहिणीकडे होता. हट्टाने बोलावून घेतलं. बघते तर काय, एक उंचवटा, वर विटांचं जुनं चर्च, भोवती गोलाकार घरं. मी साताऱ्याची. मला हसूच आलं. "ह्याला टेकडी म्हणायचं?"

यापने मला वाकून माती हातात घ्यायला लावली. "तुमचे डोंगर देवाने दिले. हा आम्ही केला." बंधारे नव्हते तेव्हा भरतीचं पाणी दारात यायचं. म्हणून त्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखल आणि शेण वाहून हा ढीग रचला, त्यावर घरं बांधली, गुरं राखली, पोरं वाढवली. पुढे बंधारे झाले, पाण्याची भीती गेली, तेव्हा तीच कसदार माती शेतांसाठी खणून विकली! अर्धी टेकडी सरळ कापलेली, चर्च अगदी कापलेल्या कडेला. शेणामातीचं आपल्याला काय नवल? पण शेणामातीच्या जोरावर समुद्राला शेकडो वर्षं दाराबाहेर ठेवायचं म्हणजे... बाई गं! 

चर्चभोवती एक पायवाट होती. गावात कोणी गेलं की घंटेच्या तालावर शवपेटी तिथून तीनदा फिरवतात, मगच मातीत ठेवतात. ते काम नातेवाइकांचं नाही, शेजाऱ्यांचं. "माझ्या उजवीकडे तू आहेस. लक्षात ठेव," याप म्हणाला. मी म्हटलं, "बरं बाबा, आधी जेवायला चल."

आता चर्च कुठून आणू? आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खालच्या मोकळ्या जागेत, जिथे इथले अंत्यविधी होतात, तिथे पेटी ठेवली होती. मी ठरवलं, ब्लॉकभोवतीच फेरे. शववाहिनीचा गाडीवाला म्हणाला, "आँटी, असं कोणी करत नाही." म्हटलं, "आम्ही करतो." माझा नवरा शिरीष, चार मराठी मित्र आणि मी. "वहिनी, बायका खांदा देत नाहीत," एकजण कुजबुजला. "शेजारी देतात," म्हणत मी ओढणी खोचली.

आपल्याकडे स्मशानात उलटे फेरे घालतात. त्या सवयीने शिरीष डावीकडे वळला आणि मी त्याला थांबवलं. त्यांच्यात सुलटे की उलटे? यापने एवढं एकच काम सांगितलं होतं, आणि तेही मी धड विचारून घेतलं नव्हतं! पेटी बाकावर टेकवून त्याच्या बहिणीला फोन लावला. तिकडे सकाळ होती. "सूर्याच्या चालीने," ती म्हणाली. म्हणजे सुलटे, आपण देवाला घालतो तसे. "पण थांब. इतक्यात निघू नकोस."

दहा मिनिटांनी तिचा फोन आला, आणि त्यातून घंटा ऐकू आली... ती म्हातारी चढण चढून चर्चमध्ये गेली होती. भरदुपारी पुंगोलमध्ये त्या गावची घंटा! फोन ओढणीत खोचून आम्ही निघालो. बाकावरच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या फेऱ्याला आमच्यामागे वीस-पंचवीस माणसं चालत होती. त्यातल्या निम्म्यांना यापचं नावही ठाऊक नसेल. मी रडत रडत चालत होते.

परवा मी आमच्या उजवीकडच्या दाराची बेल वाजवली. सात वर्षांचा शेजार, आणि मला त्या बाईचं नाव माहीत नव्हतं. रोहाया. तिला यापच्या गावची रीत सांगितली. म्हटलं, माझ्या डावीकडे आता कोणी नाही, माझ्या वेळी तू यायचंस.  तिने दार सताड उघडलं.

"कॅन," ती इथल्या पद्धतीने 'हो' म्हणाली. "बट इफ आय गो फर्स्ट, यू कम, कॅन?"

मी तिचा हात धरला. "कॅन."