बाबांनी रंगवलेली ध्येयाची भिंत

शाळेच्या दारात ‘आमचे ध्येय’ असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं आजही फिरतं. नातीच्या प्रवेशाच्या वेळी सुनेनं एक चकचकीत पुस्तिका पुढे केली. म्हणाली, “आई, बघा तरी, किती छान लिहिलंय.”

“लिहायला काय जातं?” मी म्हटलं. “आमच्या शाळेत तर माझ्या बापानंच लिहिलं होतं.”

खरंच लिहिलं होतं. बाबा गुजरातेत, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात पेंटर होते. आमचं घराणं तिथल्या मराठा संस्थानच्या फौजेतलं. आजोबांच्या हातात भाला होता, बाबांच्या हातात ब्रश आला, पुस्तक मात्र कोणाच्याच हातात आलं नव्हतं. मालगाडीच्या डब्याचं वजन किती, आत माल किती भरायचा, पुन्हा दुरुस्तीला कधी आणायचा, हे सगळं बाबा पांढऱ्या अक्षरांत डब्यावर काढत. काम संपलं की खाली कोपऱ्यात वर्कशॉपची खूण आणि तारीख. म्हणजे हे आम्ही तपासलंय, चुकलं तर आम्हाला विचारा.

मी चौथीत होते. शाळेची तपासणी जवळ आली तेव्हा मोठ्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. “अहो पेंटर, एवढी दर्शनी भिंत करून द्या. तुमच्या मुलीचीच शाळा आहे.” बाबांनी दोन रविवार घातले. ‘प्रत्येक मूल आमचे. पाठांतर नको, समज हवी. न घाबरता बोलणारे मूल घडवू.’ एकेक ओळ इतकी सरळ की दोरी लावून बघावी. आणि सवयीनं खाली कोपऱ्यात वर्कशॉपची खूण आणि तारीखही टाकली.

बाई हसल्या. “हे काय हो? शाळा आहे ही, मालगाडी नव्हे!”

“हात गेला, बाई. पण राहू द्या. काम कोणाचं ते कळेल.”

तपासणीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंनी वर्गात येऊन आठ नावं वाचली, त्यात माझंही. “तुम्ही उद्या घरीच राहा.” आठही जण रेल्वे क्वार्टरमधले, मागच्या रांगांतले. कारणही सांगितलं, तोंडावर, सगळ्या वर्गासमोर. “साहेबांपुढे तोंड उघडाल आणि शाळेची अब्रू घालवाल.” आमच्या मराठीत गुजराती मिसळलेली; आम्ही खिडकीला बारी म्हणायचो, उन्हाला तडका म्हणायचो. पुढच्या रांगेत वकिलांची, प्राध्यापकांची मुलं. त्यांची मराठी धुतलेली, इस्त्री केलेली. गणितात वर्गात पहिली मी होते, पण ते कोण बघतंय? साहेब त्या दिवशी वर्गात बसून ज्यांची नावं लिहून नेणार, तीच मुलं स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसणार होती. घरी बसलेल्याचं नाव कोण लिहितो?

मी घरी येऊन सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले. “सगळी मुलं आमची, असं लिहिलंय ना मी?”

सकाळी त्यांनी मला सायकलच्या दांडीवर बसवलं. शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण नळावर भांडी घासत होती. तीही त्या आठांत. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो. “काका, मला पण न्या ना!”

“आधी बोलून बघतो, बेटा.”

बाबा कामाच्या निळ्या कपड्यांत, हातात रंगाचा डबा घेऊन भिंतीपुढे उभे राहिले. मोठ्या बाई लगबगीनं बाहेर आल्या.

“आता काय रंगवताय? साहेब येतील!”

“एक ओळ राहिलीय, बाई. ‘आठ जण सोडून.’”

“अहो, काय बोलताय!”

“आमच्याकडे डबा बिघडलेला असला तर तसं डब्यावर लिहितात. वर एक लिहायचं आणि आत दुसरंच, असं केलं तर गाडी उलटते. माणसं मरतात.”

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं, रंगाच्या डब्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “बरं, तुमच्या मुलीला बसवा. मागे बसेल, गप्प राहील.”

“आणि बाकीचे सात?”

“तुमच्या मुलीचं बोला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग डब्याचं झाकण दाबून बसवलं. मी आत गेले. खोटं कशाला सांगू, धावत गेले.

साहेब गुजराती होते. बाईंनी महिनाभर पाठ करून घेतलेल्या प्रश्नांपैकी एकही त्यांनी विचारला नाही. फरशीवर पडलेल्या उन्हाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, “आ तडको बपोरे क्यां जशे?” म्हणजे, हे ऊन दुपारी कुठे जाईल? पुढची रांग बाईंकडे बघत बसली. मला वर्षभर त्याच उन्हाचा चटका बसत होता.

“साहेब, आत्ता तो तिथं आहे. मग माझ्या दप्तरावर येईल. बपोरे बारीच्या बाहेर.”

साहेब हसले आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. आणि बाई? बाई पुढे होऊन म्हणाल्या, “आमच्या शाळेचं ध्येयच हे आहे, साहेब. समज हवी.” मी तेव्हा नऊ वर्षांची होते, तरी कानशिलं तापली.

संध्याकाळी मैत्रिणीनं नळावर गाठलं. “काय विचारलं ग साहेबांनी?” मी सांगितलं.

“एवढंच?” ती म्हणाली. “हे तर मला पण येत होतं.”

येतच होतं. ऊन आम्हा दोघींच्या बाकावर यायचं.

मी स्कॉलरशिप मिळवली, पुढे बी.एस्सी. झाले. घराण्यातली पहिली. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मैत्रीण सातवीनंतर घरी बसली. तिला कच्ची कोणी ठरवलं? कुठल्या परीक्षेत? तिला कोणी प्रश्नच विचारला नव्हता. आणि मी धावत आत गेले होते, हेही मी स्वतःला माफ करू शकत नाही.

तिचं ते बोलणं बाबांनी सायकल पुसता पुसता ऐकलं होतं. त्या रविवारी ते पत्र्याचा तुकडा आणि टर्पेंटाइन घेऊन शाळेत गेले. मीही मागोमाग गेले. कोपऱ्यातली खूण आणि तारीख त्यांनी खरवडून काढली, चुना दिसेपर्यंत.

“बाबा, वरच्या ओळी नाही पुसायच्या?”

“ओळी चांगल्या आहेत ग. तपासलंय म्हणून खाली मी लिहिलं होतं, तेवढं खोटं होतं.”

ओळी पुढे कितीतरी वर्षं तशाच राहिल्या. खाली मात्र कोणाचीच खूण नव्हती.